धुरपतबाईंची परांची

माझ्या जुन्या मोबाइलमध्ये धुरपतबाईंचे अकरा फोटो आहेत आणि अकराच्या अकरा फोटोंत त्या परांचीवरून खाली उतरताना दिसतात. एकात एक पाय बांबूवर आणि दुसरा हवेत. एकात नुसती पाठ आणि डोक्यावरून ओढलेला पदर. एकात तर साडीचा हललेला काठ, बाकी सगळं आभाळ. हे फोटो मी हौसेनं काढलेले नाहीत. ‘महिला प्रशिक्षणार्थी परांचीवर काम करताना’ असा एक फोटो रोज संध्याकाळी पाचच्या आत नांदेडच्या ऑफिसला पाठवावा, असा हुकूम होता. आणि मी मोबाइल काढावा तर बाई उतरायला लागलेल्या असायच्या.

मी मूळचा औशाचा. लातूरला सिव्हिलचा डिप्लोमा केला, दोन वर्षं घरी बसून वडिलांची बोलणी खाल्ली आणि मग सरकारच्या गवंडी प्रशिक्षणात कंत्राटी समन्वयक म्हणून चिकटलो. समन्वयक म्हणजे हजेरी, फोटो आणि अहवाल. योजना कागदावर चांगली होती आणि खरं सांगायचं तर जमिनीवरही वाईट नव्हती. गावोगाव घरकुलं मंजूर होत होती, पण ती बांधायला गावात गवंडी नव्हते. हात चालणारी सगळी माणसं हैदराबादला बिगारी म्हणून गेलेली. दिवाळी सरली की मुदखेड स्टेशनवर जाऊन बघावं. एकीकडे फुलांच्या टोपल्या, दुसरीकडे भांडीकुंडी पोत्यात बांधून बसलेली माणसं, आणि दोन्ही हैदराबादच्याच गाडीत चढणार. तेव्हा सरकारनं ठरवलं की या माणसांना गावातच दीड महिना गवंडीकाम शिकवायचं, शिकता शिकता त्यांच्याच हातून एक खरंखुरं घरकुल उभं करायचं आणि शेवटी परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचं. गावाला गवंडी, माणसाला काम आणि लाभार्थ्याला घर, असे एका दगडात तीन पक्षी.

माझी पहिली तुकडी मुदखेडजवळच्या एका गावात होती. घरकुल होतं किशनमामा नावाच्या एका म्हाताऱ्यांचं. पासष्टी उलटलेली, बायको वारलेली, एक गुडघा कामातून गेलेला, इतके दिवस पत्र्याच्या खोलीत काढलेले. शिकवायला लातूरचे अंबादास मिस्त्री होते. हात सोन्याचा आणि जीभ चुन्याची.

बायकांसाठी जागा राखीव होत्या. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून तीन दिवस ओरडून सांगितलं तेव्हा चार बाया आल्या. त्यातल्या तिघी ‘माल द्यायला किती बाया लागतात’, म्हणजे कालवलेलं सिमेंट घमेल्यातून गवंड्याला पोचवायला, हे विचारायला आल्या होत्या. त्यांचीही नावं मी लिहून घेतली. चौथ्या धुरपतबाई. चाळिशी ओलांडलेल्या, उंच, सडसडीत, साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, मान किंचित डावीकडे कललेली. हातात एक कापडी चुंबळ होती, घमेल्याखाली डोक्यावर ठेवतात ती, वापरून वापरून काळी आणि टणक झालेली.

मी फॉर्म पुढं ओढला. “काय काम करता?”

“माल देते.”

“किती वर्षं झाली?”

“पोरगी पोटात होती तवापासून. आता ती पोरगी बाळंतपण करून सासरी गेली बगा.”

“मग आता गवंडीकाम कशाला शिकता?”

बाईंनी ती चुंबळ माझ्या टेबलावर ठेवली. “नांदेडच्या डाक्टरनं मानंचा फोटू काढला. म्हणला, बाई, आता डोक्यावर पदराबगर काहीच ठेवायचं न्हाई. मी म्हणलं, पदरानं पोट भरतंय का? तर तो म्हणला, ते मला इचारू नका. म्हणून तुमाला इचारायला आले. हातानं करायचं काम शिकवा. डोक्याचं सरलं आता.”

नवरा सिमेंटच्या धुळीत दमा लागून घरी बसलेला. म्हणजे त्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. जाताना चुंबळ तशीच राहिली होती, मी हाक मारून आठवण केली.

“राहू द्या तुमच्यापाशीच,” बाई म्हणाल्या. “नापास झाले तर येऊन नेईन आन् हैदराबादची गाडी धरीन. मान मोडली तर मोडली. पास झाले तर तुमी ठेवा, माठाखाली होईल.”

मी ती टेबलाच्या कोपऱ्यात ठेवून दिली. रोज हजेरी घेताना ती समोर दिसायची आणि मला उगाच आपलीच परीक्षा असल्यासारखं वाटायचं.

बाईंची एक खोड होती. मिस्त्रीची वीट चुकली की त्या तोंडानं काही बोलायच्या नाहीत, नेमकं त्या चुकलेल्या विटेवर आपलं घमेलं ठेवायच्या. ही त्यांची हैदराबादची विद्या. बिगारी बाईनं मिस्त्रीला ‘तुमची ओळ वाकडी चालली’ असं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी तिला काम नाही. घमेलं ठेवलं तर मिस्त्री ते उचलणार, उचलताना वीट बघणार आणि चूक आपल्यालाच दिसली असं समजून नीट करणार. वीस वर्षं त्यांनी असं कितीतरी मिस्त्र्यांना सरळ केलं असेल आणि एकालाही पत्ता लागू दिला नसेल.

पहिल्याच आठवड्यात अंबादास मिस्त्री कोपरा कसा उचलायचा ते दाखवत होते. एका हातात थापी, कानाला खांद्यानं दाबलेला मोबाइल. बाई आल्या आणि त्यांनी घमेलं ठेवलं. मिस्त्रींनी ते बाजूला सारलं. बाईंनी परत तिथंच ठेवलं. तिसऱ्यांदा ठेवल्यावर मिस्त्री तापले.

“बाई, तुमाला दुसरी जागाच न्हाई का?”

बाई आपल्या पायांच्या बोटांकडे बघत उभ्या. मिस्त्रींनी फोन ठेवला, ओळंबा सोडला आणि मुकाट्यानं वरच्या दोन विटा काढल्या. संध्याकाळी चहा पिताना ते मला म्हणाले, “सर, ही बाई वीस वर्षं शिकूनच राहिली होती. आपण निस्ती हातात थापी दिली.” अंबादास मिस्त्रींनी कुणाचं कौतुक केलेलं मी ते पहिलं आणि शेवटचं ऐकलं.

शिकवलेलं त्या आपल्या भाषेत करून घ्यायच्या. विटेच्या अर्ध्या तुकड्याला आम्ही अद्धा म्हणतो, बाई त्याला पाहुणा म्हणायच्या. ‘पाहुण्याला दारात बसवू न्हाई, आत घ्यावा.’ म्हणजे अद्धा दाराच्या कडेला लावायचा नाही, भिंतीच्या मध्ये घ्यायचा. माझ्या डिप्लोमाच्या पुस्तकात याच गोष्टीला दीड पान खर्ची घातलं होतं. कुणी घाई केली की त्या ‘तोंदरगा, तोंदरगा’ असं पुटपुटायच्या. हैदराबादच्या मुकादमाचा हा तेलुगू शब्द, म्हणजे लवकर लवकर. बाई तो शिवीसारखा वापरायच्या. ज्या भिंतीकडे बघून ‘तोंदरगा’ म्हणाल्या ती भिंत कच्ची समजायची.

एकच गोष्ट त्यांना जमत नव्हती. गवंडी वरून ‘माल’ म्हणून ओरडतो तेव्हा खालचा बिगारी हलतो, बांधकाम त्याच्यावरच चालतं. बाईंच्या तोंडून तो शब्द निघायचा नाही. इतकी वर्षं तो त्यांनी फक्त कानांनी ऐकला होता. माल संपला की त्या थापी विटेवर दोनदा ठोकायच्या. कुणाला ऐकू जायचं नाही, मग स्वतःच जाऊन घमेलं भरून आणायच्या. मिस्त्री म्हणायचे, “ओरडा की बाई, तुमच्या बापाचं काय जाऊन राहिलं?” बाई पदर तोंडाला लावून हसायच्या आणि पुन्हा थापी ठोकायच्या.

भिंती छातीच्या वर गेल्या, परांच्या बांधल्या आणि तिथून घोळ सुरू झाला. बाई परांचीवर चढायच्या, चार विटा लावायच्या की खाली. पदर नीट करून भिंतीच्या आडोशाला उभ्या राहायच्या आणि थोड्या वेळानं पुन्हा वर. दिवसातून दहा वेळा, पंधरा वेळा. बाकीच्यांच्या भिंती दाराच्या चौकटीपर्यंत पोचल्या, आणि समोरची बाईंच्या वाट्याची भिंत मात्र तोंडातला दात पडल्यासारखी मध्येच खाली. मी पंधरवड्याच्या अहवालात लिहिलं, ‘प्रशिक्षणार्थीस उंचीची भीती. कामात चपळता नाही.’ मी स्वतः तोवर जिना नसलेल्या ठिकाणी कधी चढलो नव्हतो.

एकदा विचारलंच. “बाई, वर भीती वाटते का?”

“हैदराबादला अकरा मजले चढून माल दिलाय सर. डोक्यावर घमेलं, आन् हातानं काहीच न धरता.”

“मग सारखं उतरता कामून?”

“पाणी प्यायला.”

“दर दहा मिनिटाला?”

“ऊन लई हाय,” बाई म्हणाल्या आणि विटा भिजवायला लागल्या. त्या दिवशी चांगलं ढगाळ होतं.

खरं कारण सोजरबाईंनी सांगितलं. चौघींपैकी ही दुसरी, बोलायला धीट. “सर, तुमाला एवढं बी दिसंना का? किशनमामा तिचे भाये हायत. भाया खाली बसलेला असताना भावजय त्याच्या डोक्यावर कशी उभी राहील?”

मी वळून पाहिलं. घराच्या समोर लिंबाखाली बाज टाकून किशनमामा बसलेले होते. ते पहिल्या दिवसापासून तिथंच बसायचे. ज्याचं घर उभं राहतंय तो माणूस दुसरीकडे कुठं बसणार? ते धुरपतबाईंच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन आल्यापासून बाई त्यांच्यापुढं कधी बाजेवर बसल्या नव्हत्या, त्यांच्याशी समोरासमोर एक शब्द बोलल्या नव्हत्या. आणि आमची योजना त्यांना म्हणत होती की भायाच्या डोक्यापेक्षा पाच फूट उंच उभ्या राहा आणि वरून चुन्यामातीचे हात झटका. मामा उठून गल्लीत गेले की बाई वर, मामा परतले की खाली. हैदराबादला अकरा मजले चालत होते, कारण खाली सगळे परके.

मला लाज वाटली ती अशी की हे मला ठाऊक होतं. माझी आई अजून माझ्या थोरल्या चुलत्यांपुढं खुर्चीवर बसत नाही. घरात रोज डोळ्यांनी बघतो ती गोष्ट मला कामावर दिसली नाही, कारण आमच्या फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकाना नव्हता.

कळल्यावर तरी मी शहाणपण करावं की नाही? मी सरळ लिंबाखाली गेलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, “मामा, तुम्ही जरा दुसरीकडं बसता का? तुमच्यामुळं बाईंचं काम अडलंय.”

मामांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “मला माझ्या घरापुढून उठवून राहिले का सर?”

“तसं नाही मामा...”

“आन् काम कुणामुळं अडलं म्हणता?”

सगळ्यांच्या थाप्या थांबल्या. मामा उठले, गुडघ्यावर हात देत देत निघून गेले. बाई तोवर परांचीवरून अर्ध्या उतरल्याच होत्या. त्या पूर्ण उतरल्या, थापी पाण्याच्या बादलीत टाकली आणि कुणाकडे न बघता घरी गेल्या. भावजयीपायी भायाचा चारचौघांत अपमान झाला, असा त्याचा अर्थ गावानं लावला आणि तो बरोबर होता. अपमान मी केला होता, पण तो लागला बाईंना.

दुसऱ्या दिवशी बाज रिकामी होती, परांची मोकळी होती आणि बाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. परीक्षेला अठराच दिवस राहिलेले. मी त्यांच्या घरी गेलो तर नवरा खोकत खोकत बाहेर आला आणि ‘ती रानात गेली’ म्हणाला. आत भांडं वाजल्याचा आवाज आला. परत येऊन टेबलाशी बसलो तर समोर चुंबळ. अंबादास मिस्त्री म्हणाले, “सर, तुमी ओळंबा न लावताच बोलता.”

चौथ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकलवरून उतरलो तर सगळी तुकडी मान वर करून उभी होती. शेजारी पंडित गुरुजींचं स्लॅबचं घर होतं, बाहेरून लोखंडी शिडी असलेलं. त्या स्लॅबवर दोरानं ओढून बाज चढवलेली होती. बाजेवर काळी छत्री, छत्रीखाली किशनमामा, दुखरा पाय लांब पसरलेला. त्या गुडघ्यानं ते शिडी कसे चढले असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक. गुरुजी म्हणाले की अर्धा तास लागला आणि मामांनी कुणाला हात लावू दिला नाही.

मामांनी खाली पाहिलं नाही. आभाळाशी बोलावं तसं ते मोठ्यानं म्हणाले, “म्या वर बसलोय. ज्याला चढायचं त्यानं चढावं. दिवस मावळेपस्तोर म्या काही उतरत न्हाई.”

सोजरबाई धावत जाऊन धुरपतबाईंना घेऊन आल्या. बाई गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. पदर पुढं ओढून त्याच्या आडून त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा परांचीकडे पाहिलं. पाणसळ लावून उंची बघावी तसं दोन्हीकडे पाहिलं आणि बादलीतली थापी घेऊन वर चढल्या. दुपारच्या भाकरीपर्यंत त्या उतरल्या नाहीत. मी एका बाजूला जाऊन उभा राहिलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि तुकडीला ते दाखवायचं नव्हतं.

मग रोजचंच झालं. सकाळी मामा शिडी चढायचे. भाकरी, पाणी, तंबाखूची चंची असं सगळं धुतलेल्या घमेल्यात घालून दोरानं वर जायचं. तिसऱ्या दिवसापासून चहाही जायला लागला, तो धुरपतबाईंच्या घरून यायचा. कोणी कोणाला ‘चहा पाठवला’ म्हटलं नाही की ‘मिळाला’ म्हटलं नाही. आमचा स्लॅब टाकायच्या दिवशी पेच पडला, कारण आमच्या आणि गुरुजींच्या स्लॅबची उंची सारखीच. मामा गुरुजींच्या पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर चढून बसले. गुरुजींची बायको खालून म्हणत होती, “मामा, पडाल हो.” मामा म्हणाले, “पडलो तर बघू. आत्ता तर वर हाय ना?”

मी मोबाइल काढला की बाई वरून म्हणायच्या, “माझा काय काढता? भिंतीचा काढा.” तेव्हापासून नांदेडला नुसत्या भिंतीचे फोटो जायला लागले. अहवालात ‘अडथळा दूर झाला’ असं लिहिलं होतं, त्यावर फोन आला की कोणता अडथळा. मी सांगितलं, “लाभार्थी खाली बसत होते, आता वर बसतात.” पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ‘बरं, फोटो पाठवा’ म्हणाले.

परीक्षक बाहेरगावचे, पांढऱ्या शर्टाचे, घड्याळाकडे बघत बोलणारे. कोपरा आणि दाराची कड बांधून दाखवायची होती. बाईंनी पाहुणा आत घेतला, कड सरळ काढली, परीक्षकांनी ओळंबा लावून मान हलवली. मग तोंडी परीक्षा. लिंबाखाली टेबल, त्यांच्या शेजारी मी.

“काय काम करता?”

“माल देते,” बाई म्हणाल्या.

मी डोळे मिटले. वीस वर्षं दर मुकादमाला दिलेलं उत्तर, ते त्यांच्या तोंडून आपोआप आलं. दीड महिन्यात आम्ही सगळं शिकवलं होतं, पण हा प्रश्न कुणी विचारून घेतला नव्हता.

परीक्षक माझ्याकडे वळले. “बिगारी आहेत या. गवंडीच्या परीक्षेला कशा बसवल्या?” मी काहीबाही सांगितलं. ते उठले आणि परीक्षेसाठी मुद्दाम चुकीच्या बांधून ठेवलेल्या भिंतीपाशी बाईंना घेऊन गेले. “यात काय चुकलंय?”

बाईंनी इकडंतिकडं पाहिलं, एक रिकामं घमेलं उचललं आणि नेमक्या विटेवर ठेवलं.

“बाई, तोंडानं सांगा. तोंडी परीक्षा आहे ही.”

बाई गप्प. परक्या साहेबापुढं बोलल्या असत्या, पण वर भाया ऐकत होता. परीक्षकांनी पेन कागदाला लावलं.

“साहेब,” वरून आवाज आला. परीक्षक दचकून वर बघायला लागले. “ती माल देत न्हाई. ती माल घेती. मिस्त्री हाय ती. हे घर तिनं बांधलं, आन् म्या हितून येक येक ईट बघितली.” मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा मामा थेट भावजयीशी बोलले. “सांग की माय साहेबाला. गप कामून राहिलीस?”

बाईंनी पदर आणखी पुढं ओढला. चेहरा काही दिसत नव्हता, पण त्या पदराच्या आतून आवाज स्वच्छ आला. “हा जोड खालच्या जोडावर आलाय. हा अद्धा दाराच्या कडंला लावला. आन् ह्या विटा भिजवल्याच न्हाईत, कोरड्याच लावल्या, मालातलं पाणी पिऊन घेतील. चार दिसांत माल वाळूसारखा झडंल.” मग न राहवून म्हणाल्या, “तोंदरगा केलेलं काम हाय हे.”

परीक्षक लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी मला हळूच विचारलं, “वर कोण आहे?”

“लाभार्थी.”

“वर काय करतात?”

“बसतात,” मी म्हणालो.

बाई पास झाल्या. निकाल ऐकून त्या माझ्या टेबलाशी आल्या, कोपऱ्यातल्या चुंबळीकडे पाहिलं आणि तिला हात न लावता घरी गेल्या. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. माझा त्यात काडीचा हात नव्हता हे माहीत असूनही वाटला.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे काम मिळालं, असं सरकारला वाटतं आणि मलाही वाटायचं. नांदेडला बांधकामं घेणाऱ्या दोन गुत्तेदारांकडे मी स्वतः बाईंना घेऊन गेलो. दोघांनी प्रमाणपत्र उलटसुलट बघितलं, दोघेही चांगलं बोलले आणि दोघेही म्हणाले की माल द्यायला उद्यापासून या. बाई ‘डोक्याचं सरलं’ एवढंच म्हणाल्या आणि मुदखेडच्या बसमध्ये बसल्या. तीन महिन्यांनी ‘काम लागले का? होय किंवा नाही’ अशी नोंद करायची होती, म्हणून फोन केला. बाई म्हणाल्या, “लागलं न्हाई सर. म्या लावलं.” सोजरबाईंना आणि आणखी एकीला घेऊन त्यांनी गावातली दोन घरकुलं अंगावर घेतली होती. मी ‘होय’ लिहिलं.

भावकीतलं काम असलं की घरच्या थोरल्या माणसानं आधी उंच जागा बघायची, असा तिथं रिवाजच पडला. शेजारी स्लॅब नसला तर म्हातारे कडब्याच्या गंजीवर चढून बसायचे. माझी पुढची तुकडी हिमायतनगरला होती. तिथं मी पहिल्याच दिवशी प्रत्येक बाईला विचारलं की लाभार्थी तुमचे कोण लागतात, आणि उत्तर फॉर्मच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं.

माझं कंत्राट संपून आता काही वर्षं झाली. लातूरला एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढतो. मागच्या उन्हाळ्यात मुदखेडला लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्या गावात गेलो. किशनमामा गेल्याचं अंबादास मिस्त्रींकडून कळलं होतं. त्यांच्या घराची समोरची भिंत बघितली, एक तडा नाही. शेजारी पंडित गुरुजींच्या घरावर दुसरा मजला चढत होता आणि परांचीवर धुरपतबाई होत्या. मला बघून त्या उतरल्या. मान तशीच कललेली, केस मात्र पांढरे झालेले.

“माठ घेतला का सर?” हा पहिला प्रश्न.

“घेतलाय. चुंबळीवरच ठेवलाय.”

“मग बरं.”

मामांची ती बाज वरच्या नव्या भिंतीला टेकवून उभी करून ठेवलेली खालूनही दिसत होती. मी म्हणालो, “मामा गेल्याचं कळलं.”

“हाव. आपल्या घरात गेले. स्लॅबाखाली.” बाईंनी हाताला लागलेलं सिमेंट खरवडलं. “आता भाये तिथं बसलेत सर, जिथवर परांची बांधता येत न्हाई. आता म्या कितीबी मजले चढले तरी खालीच.”

ऊन तापायला लागलं होतं आणि माल वाळत होता. बाईंनी पदर पुढं ओढला, तेव्हासारखंच एकदा वर पाहिलं आणि चढल्या. मी बाराव्या फोटोसाठी मोबाइल काढला.

“माल,” बाई वरून ओरडल्या, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात.

बिगारी नळावर पाणी प्यायला गेला होता. आसपास दुसरं कोणी नव्हतं. मी मोबाइल खिशात टाकला आणि घमेलं उचललं.